पंगतीपासून ग्रामसभेपर्यंत : नांदेड ते मेंढा, आठ दिवस

नांदेडला गोदावरीच्या काठी लंगर, म्हणजे गुरुद्वाऱ्यातले सर्वांसाठीचे मोफत जेवण, चालतो आणि गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या थोडे अलीकडे, मेंढा (लेखा) गावची ग्रामसभा बसते. एकीकडे गुरूचे नाव घेऊन जमलेली माणसे, दुसरीकडे आपल्या जंगलाचा हिशेब करायला जमलेली. मधल्या वाटेवर सेवाग्राम, पवनार, दीक्षाभूमी आणि आनंदवन लागतात. या जागा पाहून येणारे पुष्कळ आहेत. पण दोन तास फिरून, एखादे पुस्तक विकत घेऊन परतले की 'छान वाटले' यापलीकडे हाती काही राहत नाही, कारण नुसते बघणाऱ्याला या जागा उमगतच नाहीत. इथे जमायची वेळ ठरलेली असते आणि नव्या माणसाच्या हाताला काम दिले जाते. माणसे एकमेकांना धरून राहतात ती या दोन गोष्टींमुळे. देव मानणाऱ्यांच्या जागी आणि न मानणाऱ्यांच्याही. म्हणून पुढचा कार्यक्रम प्रेक्षणीय स्थळांभोवती आखलेला नाही, तिथल्या वेळा आणि कामांभोवती आखला आहे.

हा प्रवास डिसेंबर-जानेवारीत करावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गडचिरोलीकडे धानकापणी असते, मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफुले वेचायची असतात, मे महिन्यात तेंदूपाने. त्या दिवसांत गावाला पाहुण्यासाठी वेळ मागणे योग्य नाही. शिवाय उन्हाळ्यात विदर्भाचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. निघायचे बुधवारी, म्हणजे रविवार नागपूरला मिळतो आणि आनंदवनात कामाच्या दिवशी पोहोचता येते.

सेवाग्राम, पवनार, आनंदवन आणि मेंढा या चारही ठिकाणी किमान महिनाभर आधी पत्र किंवा फोन करावा. किती जण, कुठल्या तारखेला, किती वेळ आणि कशासाठी, हे चार ओळींत स्पष्ट लिहावे. 'भेट द्यायची आहे' एवढेच कळवले तर तासाभराची फेरी मिळते. 'प्रार्थनेला बसायचे आहे, सकाळच्या श्रमदानात यायचे आहे' असे लिहिले तर बोलणेच वेगळ्या जागेवरून सुरू होते.

सामान थोडे असावे: डोके झाकायला मोठा सुती रुमाल किंवा ओढणी, शाल, विजेरी, पाण्याची बाटली, डासांचे मलम आणि मच्छरदाणी, मूळ ओळखपत्र, पुरेशी रोख रक्कम. कपडे पूर्ण बाह्यांचे आणि मांडी घालून बसता येईल असे सैल हवेत. आठ दिवसांत बहुतेक बसणे जमिनीवर आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर प्रत्येक ठिकाणी सुरुवातीलाच सांगावे. बाजूला खुर्ची किंवा बाक बहुधा मिळतो. लाजून खाली बसायचे आणि अर्ध्यातून उठायचे, यापेक्षा ते बरे.

पहिला दिवस, बुधवार : नांदेड

सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली इथे देह ठेवला, आणि त्याआधी गुरुपद गुरू ग्रंथसाहिब या धर्मग्रंथाकडे सोपवले. आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान बांधली गेली. दुपारपर्यंत पोहोचून यात्री निवासात सामान टाकावे. ओळखपत्र तिथेच लागते.

आत जाण्याआधी खिसे तपासा. तंबाखूची पुडी, सिगारेट, विडी गुरुद्वाऱ्याच्या आवारात चालत नाही. पादत्राणे जोडाघरात द्यायची, हातपाय धुवायचे, डोके झाकायचे. नेहमीच्या टोपीऐवजी रुमाल बांधावा, आणि तो मागे गाठ मारून घट्ट बांधावा. नुसता डोक्यावर ठेवलेला रुमाल माथा टेकताना हमखास पडतो. कडाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावा. कणीक, तूप आणि साखर सारख्या मापाने घेऊन तो केलेला असतो, त्यामुळे जड असतो. कमी हवा असेल तर आधीच 'थोडा' म्हणावे. एकदा ओंजळीत पडला की परत करायचा नाही, टाकायचाही नाही.

संध्याकाळची आरती इथे दिवे लावून होते. ती पूर्ण बसून ऐकावी आणि मग लंगरात जावे. दाराशी ताटांची चळत असते. आपले ताट आपण उचलायचे आणि पंगतीत जिथे जागा असेल तिथे बसायचे. सोबतचे चार जण एकत्र बसावेत म्हणून रांगेत फट ठेवू नये. शेजारी कोण येईल ते आपल्या हातात नसणे हाच पंगतीचा कणा आहे. पोळीला इथे 'परशादा' म्हणतात. वाढणारा ती ताटात टाकत नाही. दोन्ही तळवे पुढे करून घ्यायची. नको असेल तर हात जोडावेत. नव्या माणसाची नेहमीची चूक म्हणजे पहिल्या फेरीलाच ताट भरून घेणे. वाढपी पुन्हा येतो, पुन्हा विचारतो. उरलेले अन्न मात्र टाकता येत नाही, आणि ते संपवेपर्यंत मागची पंगत उभी राहते. जेवण झाले की ताट स्वतः उचलून धुण्याच्या जागी न्यायचे.

'आधी पंगत, मग संगत' ही रीत तिसरे गुरू अमरदास यांच्या नावाने सांगितली जाते. गुरूला भेटायला आलेल्याने आधी सगळ्यांसोबत जमिनीवर बसून जेवायचे. धर्मचर्चा त्यानंतरची. जातीपातीच्या समाजात सोबत बसून एकच अन्न खाणे ही केवढी मोठी अट होती, हे महाराष्ट्रात वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरा दिवस, गुरुवार : सेवा, आणि वर्ध्याचा रस्ता

पहाटे लवकर लंगराच्या स्वयंपाकघराशी जावे आणि तिथल्या सेवादाराला 'सेवा मिळेल का?' एवढेच विचारावे. कोण, कुठून, कुठल्या धर्माचे, हे इथे सांगावे लागत नाही. नव्या माणसाने तीनच कामे मागावीत: लसूण-मटार सोलणे, पोळ्या लाटणे, भांडी धुणे. मोठ्या कढईत पळा फिरवण्याचे काम मागू नये. डाळीचे शिंतोडे हातावर उडतात आणि ओल्या फरशीवर पाय घसरला तर मोठा अपघात होतो.

लाटताना कणकेचे सगळे पेढे (गोळे) एका मापाचे असतात, ते मोडून लहानमोठे करू नयेत. भाजणारा एका वेळी पुष्कळ पोळ्या मोठ्या तव्यावर टाकतो. एक जाड आणि एक पातळ असली तर एक कच्ची राहते आणि दुसरी करपते. आपल्या घरच्या सवयीने पिठी जास्त लावली जाते. ती तव्यावर जळते, धूर होतो आणि भाजणाऱ्याचे डोळे चुरचुरतात. पिठी कमी घ्या, कडा मधल्या भागाइतकीच लाटा. गोलाई बिघडली तरी कुणी काही म्हणत नाही.

भांडी धुण्याच्या रांगेत खरकटे काढणारे, घासणारे आणि विसळणारे वेगवेगळे असतात. ज्या जागी उभे केले तिथेच उभे राहावे. मधेच जागा बदलली की ताटांचा ओघ एका टोकाला तुंबतो. शेजारचा माणूस जप करत असेल तर गप्पा लावू नयेत. तासभर शब्द न बोलता एकाच कुंडातली ताटे धुतल्यावर निघताना दोघे एकमेकांना हात जोडतात, तेव्हा जी ओळख झालेली असते तिला नाव-गाव लागत नाही. सेवेचा फोटो काढू नये.

दहाच्या सुमारास निघावे. अर्धापूर, उमरखेड, आर्णी, यवतमाळ, कळंब, देवळी या रस्त्याने वर्धा सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. थेट बस मिळाली नाही तर यवतमाळला बदलावी. उरलेला दिवस यातच जातो. रात्री वर्ध्यात किंवा सेवाग्रामच्या यात्री निवासात मुक्काम.

तिसरा दिवस, शुक्रवार : सेवाग्राम

वर्ध्यापासून सेवाग्राम सुमारे ८ किलोमीटर. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी इथे, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. शेगाव नावाच्या दुसऱ्या गावामुळे होणारा टपालाचा गोंधळ टाळण्यासाठी गावाचे नाव पुढे १९४० साली सेवाग्राम झाले. आदि निवास, बापूकुटी, बा-कुटी ही घरे माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंची आहेत.

प्रार्थना पहाटे आणि संध्याकाळी होते. ऋतूप्रमाणे वेळ बदलते, म्हणून आदल्या रात्री विचारून ठेवावे आणि दहा मिनिटे आधी मैदानात बसावे. मैदानात म्हणजे खरेच उघड्यावर. वर आकाश आणि शेजारी गांधीजींनी लावलेला पिंपळ. इथे देऊळ बांधले नाही, मूर्ती ठेवली नाही. डिसेंबरात पहाटे थंडी चांगलीच असते, शाल विसरू नये. प्रार्थनेत उपनिषदातले वचन, गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या लक्षणांचे श्लोक, कुराणातला भाग, पारशी प्रार्थना, जपानी बौद्ध मंत्र, ख्रिस्ती प्रार्थना, एकादश व्रते आणि रामधून असे पुष्कळ काही येते. सगळे पाठ नसते, आणि नसले तरी चालते. जे येत नाही तिथे गप्प बसून ऐकावे. ओठ हलवून म्हटल्याचे दाखवू नये.

गांधीजींच्या आश्रमांत संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर हजेरी होई आणि प्रत्येकाने दिवसभरात किती सूत कातले ते सांगायचे असे. प्रार्थनेला कामाचा हिशेब जोडलेला होता. म्हणून सेवाग्रामला येऊन चरख्यावर न बसता जाणे म्हणजे अर्धेच पाहणे. शिकवणारे कुणी मोकळे असेल तर अर्धा तास मागून घ्यावा. पेटी चरख्यावर उजव्या हाताने चाक फिरवायचे आणि डाव्या हाताच्या चिमटीत पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, धरायचा. चातीच्या (धागा गुंडाळला जातो त्या फिरत्या सळईच्या) टोकाशी तिरपा धरून हात मागे नेला की धाग्याला पीळ बसतो. मग हात काटकोनात आणून तो धागा चातीवर गुंडाळायचा. धागा सारखा तुटतो तो दोन कारणांनी. एकतर चाक पुरेसे फिरण्याआधीच हात मागे ओढला जातो, त्यामुळे पीळ कमी पडतो. नाहीतर चिमूट आवळलेली राहते, कापूस सुटत नाही. चिमूट एकदम सोडली तर जाड गुठळी येते. पहिल्या अर्ध्या तासात दोन हात अखंड धागा निघाला तरी तो चांगला समजावा. धागा तुटला की शेजारचा माणूस आपले काम थांबवून जोडून देतो. तो जोड कसा घालतात ते नीट बघून ठेवा.

दुपारी परचुरे कुटी शोधून पाहावी. बरेच जण तिच्यापर्यंत जातच नाहीत. कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींना गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. सोमवारी आनंदवनात पोहोचल्यावर या कुटीची आठवण येईल.

चौथा दिवस, शनिवार : पवनार

पवनार वर्धा-नागपूर रस्त्यावरच, धाम नदीच्या काठी आहे. विनोबांनी १९५९ मध्ये इथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले ते स्त्रियांसाठी. स्त्रियांनी एकत्र राहून, स्वतःच्या श्रमावर जगून साधना करावी आणि संस्थेचा कारभारही स्वतःच पाहावा, ही कल्पना आजही इथे चालू आहे. कोणी महंत नाही, कोणी गादीवर नाही. खोदकामात सापडलेली जुनी शिल्पे आवारात आहेत, त्यांत राम-भरत भेटीचे शिल्प प्रसिद्ध आहे. विनोबांची समाधीही इथेच.

पाहुण्याने सकाळी लवकर पोहोचावे. झाडलोट, बाग, शेत, स्वयंपाकघर यांपैकी जे काम वाट्याला येईल ते करावे आणि मधे विष्णुसहस्रनामाच्या पठणाला बसावे. काम चालू असताना मोठ्याने बोलणे, भगिनींना कामातून उठवून 'तुमचा अनुभव सांगा' म्हणणे, ही इथली सर्वांत खटकणारी गोष्ट. मोकळ्या वेळेत विचारले तर त्या मन लावून बोलतात.

विचारायचेच असेल तर निर्णय कसे होतात ते विचारावे. बहुमताने ठरवायचे नाही, सर्वांचे एकमत झाले तरच पुढे जायचे, असा इथला नियम आहे. मतभेद राहिला तर विषय थांबतो. बाहेरच्या माणसाला हे अव्यवहार्य वाटते. पण मत मोजून निकाल लावला की हरलेल्यांनी त्याच आवारात, त्याच स्वयंपाकघरात रोज राबायचे असते. अशा जागी उशिरा झालेला निर्णय परवडतो, मनाविरुद्धचा परवडत नाही. हा मुद्दा मेंढ्याला पुन्हा भेटणार आहे, आणि तिथे देवाचे नाव न घेता.

दुपारनंतर पवनारहून नागपूरची बस पकडावी. अंतर सुमारे सत्तर किलोमीटर.

पाचवा दिवस, रविवार : नागपूर

दीक्षाभूमीला सकाळी लवकर जावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, भदन्त चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर जमलेल्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. आजचा भव्य स्तूप आतून पोकळ आहे आणि त्याचे उद्घाटन २००१ मध्ये झाले. आवारातला बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या वृक्षाच्या रोपांपासून वाढला आहे. ती रोपे भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणली.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इथे येण्याचा अनुभव वेगळाच. लाखो माणसे येतात, समता सैनिक दलाचे स्वयंसेवक रांगा लावतात, ठिकठिकाणी भोजनदान चालते आणि पुस्तकांच्या दुकानांपुढे दर्शनाइतकीच गर्दी असते. गावी परतताना पिशवीत पुस्तक असणे ही इथली रीतच आहे. मात्र लोकांशी बोलायचे, सोबत बसायचे असेल तर साधा रविवार बरा.

त्यासाठी स्तूपावरून वस्तीतल्या विहारात जावे. नागपुरात अशी विहारे वस्तीवस्तीत आहेत आणि अनेक ठिकाणी रविवारी सामूहिक वंदना होते. आदल्या संध्याकाळी तिथे कोण व्यवस्था पाहते ते विचारून वेळ नक्की करावी. 'जय भीम' म्हणून नमस्कार करावा. पांढरे कपडे असतील तर उत्तम, सक्ती नसते. चपला बाहेर, मोबाइल बंद. पंचांग प्रणाम, त्रिशरण, पंचशील, मग त्रिरत्न वंदना असा क्रम असतो. गाथा पालीत असतात आणि एक जण म्हणतो तशा बाकीच्यांनी मागून म्हणायच्या. वंदनेची पुस्तिका मागितली तर मिळते. पंचशील म्हणजे आपणच आपल्याला घातलेले पाच नियम आहेत, वर कुणाकडे काही मागणे त्यात नाही. अर्थ वाचून मगच म्हणावे.

वंदना संपल्यावर लगेच उठू नका. सतरंज्या गुंडाळणे, फुले उचलणे, मेणबत्त्यांचे सांडलेले मेण खरवडणे यात हात लावावा. मेण गार होऊन कडक झाले की पत्र्याच्या तुकड्याने सहज निघते. गरम असताना पुसले तर फरशीभर पसरते. खरी ओळख याच वेळी होते. कुणाचा मुलगा काय शिकतो, कुणाला रक्त हवे आहे, पुढच्या रविवारी कोण बोलणार, हे सगळे इथे कळते. पुष्कळ विहारांत ग्रंथालय आणि अभ्यासिकाही असते. सकाळी जिथे वंदना झाली तिथेच दुपारी स्पर्धा परीक्षेची मुले वह्या उघडून बसतात. वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या, तीन महिन्यांत बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाचे क्रमाने वाचन होते. जागा धार्मिक की सामाजिक, हा प्रश्न अशा विहारात बसल्यावर पडत नाही.

सहावा दिवस, सोमवार : आनंदवन

नागपूरहून वरोरा सुमारे शंभर किलोमीटर. मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ साली केली. वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात सुरुवात झाली ती सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये एवढ्या भांडवलावर, असे आनंदवनात सांगतात. आधी विहीर खणली, मग शेती उभी केली. बोटे झडलेल्या हातांनी भाजी पिकवली, आणि ती विकत घ्यायला बाहेरच्यांना भीती वाटत होती.

त्या भीतीविषयी नेमके माहीत असावे. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, आनुवंशिक नाही. बहुतेक माणसांत त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती असते. बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो. उपचार प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांचा आणि सरकारी दवाखान्यांत मोफत असतो. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची शक्यता लवकरच संपते. बरे झाल्यावरही हातापायांचे व्यंग राहते, कारण मज्जातंतूंना आधीच इजा झालेली असते. म्हणून इथल्या माणसांना 'कुष्ठमुक्त' म्हणावे. 'पेशंट' किंवा 'महारोगी' म्हणू नये. कुणी हात पुढे केला तर तो हातात घ्यावा.

कार्यालयात नोंद करून सोबत मिळेल त्या माणसाबरोबर फिरावे. हातमाग, हस्तकला, सुतारकाम असे विभाग आहेत. अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा आहेत. अपंगांसाठी व्यवसाय शिकवणारे संधिनिकेतन आहे. कार्यशाळेत हत्यारांच्या मुठी बघा. बधिर हाताला उष्णता आणि टोच कळत नाही, जखम झाली तरी दुखत नाही, आणि न दुखलेली जखम चिघळते. म्हणून कुष्ठमुक्त माणसासाठी मूठ जाड आणि गुळगुळीत हवी, गरम भांड्याला लाकडी दांडा हवा, पायांत मऊ रबराची चप्पल हवी आणि रोज संध्याकाळी तळवे बघून घेण्याची सवय हवी. माणसाला कामाजोगे करण्याऐवजी काम माणसाजोगे केले की काय उभे राहते, ते इथे डोळ्यांना दिसते.

हातापायांचे फोटो काढू नयेत. कुणाच्या हातात पैसे देऊ नयेत. भीक सुटावी म्हणून ज्यांनी विहीर खणली त्यांना पुन्हा नोट देणे हा अपमान आहे. विक्री केंद्रातून सतरंजी, टॉवेल, भेटकार्डे घ्यावीत, किंवा देणगी कार्यालयात देऊन पावती घ्यावी.

एका दिवसाच्या पाहुण्याने इथे काम मागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लंगरात तासाभराची सेवा खपते, कारण तिथले काम तासाभराचेच असते. इथले काम शिकवायला आठवडा जातो आणि शिकलेला माणूस दुसऱ्या दिवशी निघून गेला तर शिकवणाऱ्याचा आठवडा बुडतो. ज्यांना खरेच हात लावायचा आहे त्यांनी सवडीने, आधी लिहून, जास्त दिवसांसाठी यावे. तरुणांनी मूलजवळच्या सोमनाथ या समितीच्याच प्रकल्पावर मे महिन्यात होणाऱ्या श्रमसंस्कार छावणीची चौकशी करावी.

सातवा दिवस, मंगळवार : वरोरा ते गडचिरोली

सकाळी बाबा आमटे यांच्या समाधीपाशी जावे. २००८ साली त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना इथेच मातीत पुरले. मग चंद्रपूर, मूल मार्गे गडचिरोली. बस बदलत चार तास तरी धरावेत. गडचिरोलीत रोख रक्कम काढून घ्यावी, उद्याच्या बसच्या वेळा लिहून घ्याव्यात आणि मच्छरदाणी लावूनच झोपावे, कारण या जिल्ह्यात मलेरिया आहे. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'गडचिरोलीला गेलो होतो' हे न विसरता सांगावे.

आठवा दिवस, बुधवार : मेंढा (लेखा)

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटरवर मेंढा लागते. शंभरेक घरांचे गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात तो सर्वांत आधी मिळालेल्या गावांपैकी हे एक. हक्क कागदावर आला तरी बांबू वाहून न्यायचा परवाना कोणी द्यायचा यावर अडले होते. २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात आले आणि बांबू विकण्याचा अधिकार खरा झाला. पुढे २०१३ मध्ये गावाने ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. ग्रामदानाची कल्पना विनोबांची, म्हणजे चार दिवसांपूर्वी पाहिलेल्या पवनारची.

ग्रामसभेची परवानगी आणि ठरलेली वेळ याशिवाय इथे जाऊ नये. गावाने पाहुण्यांसाठी काही रक्कम ठरवली असेल तर ती विनातक्रार द्यावी. पाहुण्यांशी बोलायला बसलेल्या माणसाचा तो दिवस बुडतो.

सभेला बसायला मिळाले तर मागे बसावे. चर्चा गोंडीत चालते. दर वाक्याला 'काय म्हणाले?' विचारू नका. एक विषय संपला की सोबतचा माणूस मराठीत सांगतो. मत मागितल्याशिवाय देऊ नये. शिकल्यासवरल्या पाहुण्याला इथे उपाय सुचवण्याची फार घाई होते, आणि सभा त्याच्यापुरती बंद होते.

निर्णय सर्वसहमतीने होतात. त्यामागचे कारण गावकरी सोपे करून सांगतात. समजा झाडे न तोडण्याचा ठराव साठ विरुद्ध चाळीस मतांनी झाला. ज्या चाळीसांनी विरोध केला त्यांच्याही घरी कुऱ्हाड असते. जंगल राखायचे तर प्रत्येक घर आत हवे; एक घर बाहेर राहिले तरी राखण निष्फळ होते. म्हणून कुणाचा विरोध असेल तर ठराव थांबतो, विरोधाचे कारण शोधले जाते. बहुतेकदा कारण पोटाचे असते: जळण कुठून आणायचे, बैल कुठे चारायचे. ती सोय झाली की विरोध मावळतो. यात महिने जातात.

ही पद्धत बिघडते ती दोन ठिकाणी, आणि आपल्या सोसायटीत किंवा मंडळात ती वापरू पाहणाऱ्यांनी तेवढे नक्की लिहून घ्यावे. एक, गप्प बसलेल्याला सहमत धरणे. म्हणून प्रत्येकाला नाव घेऊन विचारावे लागते. दोन, सभेची वेळ. स्वयंपाकाच्या वेळी सभा लावली तर बायका येत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय झालेली सहमती दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर मोडते.

सभेइतकाच महत्त्वाचा इथला अभ्यास गट. निर्णय घ्यायचा तिथे नाही. तिथे फक्त समजून घ्यायचे. कायद्याचे कलम, मधमाश्यांच्या सवयी, बांबूचा दर, काहीही. बाहेरचे जाणकार अभ्यास गटात बोलू शकतात, निर्णय मात्र गाव घेते. माहिती देणारा आणि ठरवणारा वेगळे ठेवल्यामुळे जाणकाराचे दडपण सभेवर येत नाही. या आठ दिवसांत घरी नेण्याजोगी सर्वांत उपयोगी रीत आम्हाला हीच वाटते. ती सुरू करायला पाच माणसे, एक ठरलेला वार आणि एक विषय पुरतो. आणि वार चुकू द्यायचा नाही, चारच जण आले तरी बसायचे.

निघताना बसलेली सतरंजी झटकून घडी घालून द्यावी, पाण्याचे पेले विसळून ठेवावेत. धानोऱ्याहून गडचिरोलीकडे जाणारी शेवटची बस कधी आहे ते सकाळीच विचारलेले असावे. ती चुकली तर रस्त्यावर दुसरे वाहन मिळण्याचा भरवसा धरता येत नाही. गडचिरोलीहून नागपूर आणखी चार-पाच तास, म्हणून परतीचे रेल्वे आरक्षण गुरुवारचे ठेवावे.